एकाच गल्लीत दहा भट्ट्या: स्पर्धा आणि देशाचा धंदा, वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीत माझं छोटं मशीन शॉप आहे. अधूनमधून कॉलेजातली पोरं आणि उद्यमनगरातले नवे कारखानदार यांच्यापुढे बोलायला बोलावतात. दर वेळी तेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. काही उत्तरं लांबली आहेत, कारण तिथं सांगण्यासारखं जास्त होतं.

मुद्दा थोडक्यात काय आहे?

एखादा देश एखाद्याच धंद्यात जगात पुढे का जातो? जपान मोटारसायकलीत, इटली फरशीत, स्वित्झर्लंड औषधांत? स्वस्त मजूर, खनिज, बंदर ही नेहमीची उत्तरं अपुरी पडतात. त्या धंद्यातल्या कंपन्या घरातच एकमेकींशी किती झुंजतात, यावर बरंच ठरतं. घरच्या आखाड्यात ज्याला रोज तोडीस तोड जोडीदार मिळतो तो बाहेरच्या मैदानात टिकतो. तालमीच्या गावाला हे वेगळं समजावायला नको.

हे कुणी मांडलं?

हार्वर्डचे मायकेल पोर्टर यांनी १९९० मध्ये दहा देशांचा अभ्यास करून हे सविस्तर मांडलं. त्यांनी चार गोष्टी सांगितल्या: हाताशी असलेलं कौशल्य आणि साधनं, चोखंदळ गिऱ्हाईक, शेजारी पूरक धंदे, आणि घरच्या कंपन्यांमधली चुरस. चौथी गोष्ट बाकीच्या तिघींना हलवते, असं त्यांचं म्हणणं. त्या दहा देशांत भारत नव्हता. म्हणून आपल्याकडची उदाहरणं आपणच शोधायची.

याच्या शंभर वर्षं आधी, १८९० मध्ये, इंग्रज अर्थतज्ज्ञ आल्फ्रेड मार्शल यांनी एका ठिकाणी जमलेल्या धंद्यांबद्दल लिहिलं होतं. अशा गावात धंद्यातलं गुपित गुपित राहत नाही, पोरं ते नकळत शिकतात, असा त्यांचा रोख होता. उद्यमनगरात वाढलेल्या कुणालाही विचारा. दहा वर्षांचं पोरगं लेथचा आवाज ऐकून सांगतं की टूल गेलंय.

एका गावात इतक्या फाउंड्री (धातू वितळवून ओतायच्या भट्ट्या) म्हणजे एकमेकांचे पाय ओढणंच ना?

हा प्रश्न सगळ्यांत जास्त येतो, आणि त्यात तथ्यही आहे.

आधी इतिहास बघू. कोल्हापुरात ऊस आणि गूळ होता. शाहू महाराजांनी १८९५ मध्ये शाहूपुरी वसवली ती गुळाच्या व्यापारासाठी. उसाला घाणा लागतो, विहिरीला पंप लागतो, पंपाला इंजिन लागतं. ती दुरुस्त करणारे मिस्त्री पुढे स्वतःच ऑईल इंजिनं बनवू लागले. इंजिनाला ओतीव भाग लागतात, म्हणून भट्ट्या आल्या. भट्टीला पॅटर्न (ज्यावरून वाळूचा साचा पाडतात तो नमुना) लागतो, म्हणून पॅटर्न बनवणारे आले. नंतर शेतात वीज पोचली, इंजिनांची मागणी आटली आणि त्याच भट्ट्या गाड्यांच्या, ट्रॅक्टरच्या, पंपांच्या कास्टिंगकडे, म्हणजे ओतीव भागांकडे, वळल्या. उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव, पुढे कागल-हातकणंगले पंचतारांकित वसाहत. गोकुळ शिरगावातल्या कारखानदाराला पॅटर्न पाहिजे, कोअरची वाळू पाहिजे, रात्री दहाला स्पेक्ट्रोवर धातूची तपासणी पाहिजे, तर सगळं अर्ध्या तासात मिळतं. एकच फाउंड्री असती तर हे पुरवठादार जगलेच नसते. शेजारचा भट्टीवाला तुमचा स्पर्धक आहे हे खरं, पण तुमच्या पुरवठादाराचं पोट तोच भरतो.

आता माझा अनुभव. एका हाउसिंगचं, म्हणजे यंत्राच्या ओतीव कवचाचं, मशीनिंग मी करायचो. माझं रिजेक्शन जास्त होतं आणि मी कास्टिंगला दोष देत होतो. ब्लोहोल (हवेची भोकं) आहेत, वाळू बरोबर नाही, वगैरे. पार्टीचा, म्हणजे काम देणाऱ्या कंपनीचा, माणूस एकदा चहा पिताना म्हणाला, ‘तेच कास्टिंग दोन गल्ल्या सोडून दुसरा एक जण मशीन करतो, त्याचं तर जात नाही.’ मला रात्रभर झोप नाही. चार दिवसांनी कळलं, त्यानं फिक्स्चर, म्हणजे जॉब घट्ट धरायची चौकट, बदललं होतं. जॉब तीन ठिकाणी धरत होता, मी दोन ठिकाणी. कास्टिंग तेच, वीज तीच, कामगार त्याच गावचे. माझ्याकडे सबबच उरली नाही. हा माणूस कोइम्बतूरला असता तर मी म्हणालो असतो, ‘तिकडचं वेगळं असतं.’

जवळची स्पर्धा नेमकी ही सबब काढून घेते.

मग परदेशी कंपनीशी असलेली स्पर्धा तितकी उपयोगी नाही का?

उपयोगी आहे, पण तिचा चटका उशिरा बसतो. बाहेरचा पुढे गेला की आपण म्हणतो त्याला व्याज कमी, वीज स्वस्त, त्याचं सरकार मदत करतं. आपल्याकडे तर वीजदराचा विषय निघाला की कर्नाटकात जायची भाषा सुरू होते. त्या तक्रारीत तथ्य आहे. पण शेजारच्या शेडला तेच बिल येतं आणि तो पुढे जातो, तेव्हा घरचे लोकसुद्धा तोंडावर विचारतात.

याला थोडा आकड्यांचा आधारही आहे. मारिको साकाकिबारा आणि पोर्टर यांनी जपानी उद्योगांवर केलेला अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या उद्योगांत घरच्या कंपन्यांचा बाजारातला वाटा सतत वरखाली होत होता, म्हणजे कुणीच निवांत बसलं नव्हतं, त्या उद्योगांची जागतिक निर्यातीतली कामगिरी सरस होती.

जपानचं उदाहरण जरा नीट सांगा.

हमामात्सु नावाचं शहर आहे, टोकियो आणि नागोयाच्या मधे. आमच्या इचलकरंजीच्या लोकांना ते आवडेल, कारण सुरुवात मागापासून आहे. मिचिओ सुझुकी यांनी १९०९ मध्ये तिथं माग बनवायचा कारखाना काढला. तीच पुढे गाड्यांची सुझुकी. तोराकुसु यामाहा यांनी १८८७ मध्ये त्याच शहरात ऑर्गन बनवला. त्या घराण्यातून १९५५ मध्ये यामाहाची मोटारसायकल निघाली. होंडा कंपनी स्थापन झाली १९४८ मध्ये, तीही हमामात्सुतच. एका शहरातून तीन नावं! (टोयोटाचं मूळही मागाच्या कारखान्यातच आहे, पण ते शहर वेगळं.)

महायुद्धानंतर जपानात मोटारसायकल बनवणाऱ्या कंपन्यांची झुंबड उडाली होती. बहुतेक बुडाल्या. उरल्या त्या एकमेकींच्या मागे हात धुऊन लागलेल्या. १९८१ ते १९८३ या काळात होंडा आणि यामाहा यांच्यात अशी जुंपली की दोघीही एकामागून एक नवी मॉडेलं बाजारात ओतत होत्या. शेवटी यामाहानं माघार घेतली. मधल्या काळात सामान्य गिऱ्हाइकाला मात्र दर महिन्याला नवी गाडी बघायला मिळत होती.

गंमत पुढे आहे. जपानच्या व्यापार-उद्योग खात्याला ही गर्दी नको होती. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी मोटारधंद्यात मोजक्याच कंपन्या राहाव्यात असा घाट घातला. कायद्याचा मसुदा आला, पण तो मंजूर झाला नाही. होंडानं दार बंद व्हायच्या आत म्हणून १९६३ मध्ये आपला छोटा ट्रक आणि स्पोर्ट्स कार बाजारात आणली आणि पाय रोवला. जपानी सरकारनं सगळं ठरवून केलं असं सांगणाऱ्यांना ही गोष्ट मी मुद्दाम सांगतो.

पण जपाननं परदेशी गाड्या तर अडवल्याच होत्या. आपणही अडवल्या. मग आपण मागे का?

हा खरा चांगला प्रश्न. कुंपण दोघांनीही घातलं. जपानच्या कुंपणाच्या आत आठ-नऊ कंपन्यांची झुंज होती. आपल्या कुंपणात लायसन होतं: कोण किती गाड्या बनवणार हे दिल्लीत ठरायचं. एक चांगली गाडी बनवून दुसऱ्याचं गिऱ्हाईक पळवायची सोयच नव्हती. १९५० च्या दशकातल्या मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेली अँबॅसेडर २०१४ पर्यंत निघत राहिली, यातच सगळं आलं. १९८३ मध्ये मारुती आली, १९९१ नंतर बाकीच्या आल्या आणि मग पुण्या-चाकणचे कारखाने वाढले. कोल्हापूरच्या भट्ट्यांना काम मिळालं ते या गर्दीमुळे. एकच कंपनी असती तर तिनं आपल्याला हवं तसं दाबलं असतं.

सगळ्या छोट्यांना जोडून एक मोठी राष्ट्रीय कंपनी केली तर?

मंत्र्यांना ही कल्पना फार आवडते, कारण फीत एकदाच कापायची. बहुतेक वेळा ती फसते. घरात कुणी अंगावर येत नसलं की मोठी कंपनी कारखान्यापेक्षा मंत्रालयाकडे जास्त बघते.

अपवाद आहेत. एअरबस १९७० मध्ये फ्रान्स आणि जर्मनीनं मिळून उभी केली आणि ती यशस्वी झाली. पण एक विमान नव्यानं बनवायला इतका पैसा लागतो की एकट्या देशाला पेलणार नाही, आणि समोर अमेरिकेची बोइंग पहिल्या दिवसापासून उभी होती. कास्टिंग, कापड, चप्पल यांना हा न्याय लागू नाही.

गिऱ्हाइकाचा यात काय संबंध?

गंगावेशीतला दूधकट्टा बघा. म्हैस समोर बांधलेली, धार समोर काढायची, फेस आलेला ग्लास तिथंच तोंडाला लावायचा. पाणी घालायची सोय कुठं आहे? कोल्हापूरच्या गिऱ्हाइकानं ही सवय लावली आहे. मिसळीचंही तसंच. फडतरे, चोरगे, खासबाग, बावडा, प्रत्येकाचा पंथ वेगळा, आणि कट एक दिवस पातळ झाला तर दुसऱ्या दिवशी गल्लीत चर्चा. चिकित्सक गिऱ्हाईक आणि शेजारी पर्याय, दोन्ही असले की दुकानदाराला झोप लागत नाही.

फाउंड्रीत हेच काम गाड्यांच्या कंपन्यांनी केलं. शेतकऱ्याला इंजिन चाललं की पुरे होतं. गाडीवाल्याला प्रत्येक नगाचा तपासणी अहवाल पाहिजे. त्या कटकटीनंच आपल्या भट्ट्या कोळशाच्या क्युपोलावरून विजेच्या इंडक्शन फर्नेसकडे ढकलल्या.

भारतात ही गोष्ट सगळ्यांत ठळक कुठं दिसली?

माझ्या मते औषधांत. १९७० च्या पेटंट कायद्यानं औषधाच्या रेणूला नव्हे, फक्त तो बनवायच्या पद्धतीला पेटंट ठेवलं. म्हणजे तेच औषध वेगळ्या रीतीनं बनवायला कुणालाही मोकळीक. मग एका गोळीसाठी डझनभर देशी कंपन्या भिडल्या. नवं औषध शोधण्यावर पैसा नव्हता, पण तीच गोळी कमी पायऱ्यांत, कमी खर्चात कशी बनवायची यात आपले केमिस्ट जगात कुणाला ऐकेनात. २००१ मध्ये सिप्लानं एचआयव्हीची तीन औषधं रोज एका डॉलरहून कमी खर्चात द्यायची तयारी दाखवली. तेव्हा परदेशी कंपन्यांच्या औषधांचा वर्षाचा खर्च दहा हजार डॉलरच्या पुढे होता. हा आकडा एकाएकी आकाशातून पडला नाही. घरात तीस वर्षं चाललेल्या मारामारीतून तो आला. २००५ पासून कायदा बदलला, रेणूलाही पेटंट आलं, पण तोवर आपल्या कंपन्यांचे हात तयार झाले होते.

साखर कारखाने इतके जवळजवळ आहेत, तिथं स्पर्धा आहे का?

अर्धी. एके काळी झोनबंदी होती: तुमचा ऊस ठरलेल्या कारखान्यालाच. ती उठल्यावर शेतकऱ्याला निवड मिळाली. कोल्हापूर-सांगलीत कारखाने दाट असल्यानं उसासाठी ओढाताण होते, आणि जयसिंगपूरच्या ऊस परिषदेत पहिल्या उचलीचा (उसाच्या पहिल्या हप्त्याचा) आकडा जाहीर झाला की शेजारच्या कारखान्याकडे बघून दर ठरतो. पण नवा कारखाना काढायला दोन कारखान्यांमध्ये २५ किलोमीटर हवाई अंतराची अट आहे. म्हणजे आतल्यांची चुरस चालू आणि बाहेरच्याला दार बंद. ऊस मिळेल की नाही याची हमी नसेल तर कारखाना उभाच राहणार नाही, हा अटीच्या बाजूचा मुद्दाही खोटा नाही. मला मात्र ती अट आता सैल व्हावी असं वाटतं. यावर घरी जेवताना भांडण होतं, कारण सासरे कारखान्याचे सभासद आहेत.

सहकारी संस्था एकमेकींशी स्पर्धा करतात का?

करतात, आणि कडाडून. गोकुळ १९६३ सालचा दूध संघ, पलीकडे वारणा, शिवाय खासगी डेअऱ्या. गावात दोन-तीन संकलन केंद्रं असतील तर फॅटचा दर आणि दिवाळीचा फरक यावर म्हैसवाला केंद्र बदलतो.

जास्त स्पर्धा झाली तर धंदाच मरतो ना?

मरतो. आणि आपल्या जिल्ह्यात हे डोळ्यांनी दिसतं, म्हणून इथं थोडं थांबतो.

इचलकरंजीत पहिला यंत्रमाग १९०४ मध्ये विठ्ठलराव दातार यांनी आणला, नारायणराव घोरपडे सरकारांच्या पाठबळावर. पुढे घराघरात माग आले. स्पर्धेची कमी कधीच नव्हती. पण बराच मोठा भाग खर्चीवाल्यांचा: सूत व्यापाऱ्याचं, कापड व्यापाऱ्याचं, आपली फक्त मजुरी, तीही पिकावर, म्हणजे विणलेल्या आडव्या धाग्यांच्या मोजणीवर. हजार जण एकच कापड विणतात आणि भांडण होतं ते पैशा-दोन पैशांवर. यात शिकण्यासारखं काही उरत नाही. गिऱ्हाईक दिसत नाही, कापडावर नाव नाही, सुधारणा केली तर तिचा दाम मिळत नाही. ज्यांनी शटललेस (बिनधोट्याचे, नव्या पद्धतीचे) माग घेतले, स्वतःचं सूत घेऊन स्वतःचं कापड विकलं, ते या चक्रातून सुटले.

फाउंड्रीतही हा रोग आहे. कोटेशन पाठवलं की पार्टी म्हणते, ‘समोरचा किलोला दोन रुपये कमी देतोय.’ आपण तीन कमी करतो. पुढच्या महिन्यात देखभाल पुढे ढकलतो, वाळूची तपासणी कमी करतो, चांगल्या मोल्डरला (साचा बनवणाऱ्याला) पगारवाढ देत नाही. स्पर्धा दोघांतही आहे, पण फिक्स्चर बदलणाऱ्या माझ्या शेजाऱ्याची स्पर्धा वेगळी आणि ही वेगळी. पहिलीत धंद्याला काहीतरी नवं कळतं. दुसरीत फक्त खिसा हलका होतो. चाळीस वर्षांत पार्टीनं कुणाचाच रेट स्वतःहून वाढवलेला मी पाहिला नाही. ज्यांचा वाढला त्यांनी असं काहीतरी केलं जे शेजाऱ्याला जमत नव्हतं: मशीन करूनच माल द्यायचा, पातळ भिंतीचं कास्टिंग काढायचं, पॅटर्नचं डिझाइन स्वतः करायचं.

मग सगळे भट्टीवाले बसून रेट ठरवू या?

ते बेकायदा आहे. २००२ च्या स्पर्धा कायद्यानं संगनमतानं दर ठरवायला बंदी आहे. २०१२ मध्ये स्पर्धा आयोगानं सिमेंट कंपन्यांना सहा हजार कोटींहून अधिक दंड सुनावला होता, त्यावर पुढे अपिलं झाली. वापरलेली वाळू पुन्हा कामाची करण्याचं सामायिक केंद्र, धातू तपासणीची प्रयोगशाळा, मोल्डरचं प्रशिक्षण, यासाठी एकत्र या. रेटचा विषय निघाला की चहा संपवून उठा.

देश-देश खरंच स्पर्धा करतात का?

पॉल क्रुगमन यांनी १९९४ मध्ये यावर चांगलंच झोडपलं होतं. कंपनी हरली तर बंद पडते, देश बंद पडत नाही. जपान श्रीमंत झाला म्हणून भारत गरीब होत नाही, उलट तो आपला माल घेतो. हे मला पटतं. म्हणून मी ‘देश जिंकला’ असं न म्हणता ‘त्या धंद्यात त्या देशातल्या कंपन्या पुढे आहेत’ असं म्हणतो. वाक्य लांबतं, पण बरोबर आहे.

कोल्हापुरात फुटबॉलची एवढी ईर्ष्या आहे, मग भारतीय संघात आपली पोरं का भरलेली नाहीत?

प्रत्येक कॉलेजात हा प्रश्न येतो आणि हशा पिकतो. पाटाकडील, शिवाजी, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल; शाहू स्टेडियम ओसंडतं. अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकात खेळला, हा अभिमान आहेच. पण नुसत्या ईर्ष्येनं भागत नाही. प्रशिक्षक, आहार, मैदानं, वर्षभराची लीग या बाकीच्या बाजू लंगड्या असतील तर चुरस पेठेतच फिरत राहते. पोर्टर यांची चौकट पोरांना यावरून लवकर कळते, म्हणून मी हा प्रश्न कधी टाळत नाही.

कोल्हापुरी चपलेचं काय?

२०१९ मध्ये तिला भौगोलिक मानांकन मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांना मिळून. नावाचं संरक्षण झालं. पण कारागिरांची चढाओढ अजून मुख्यतः दरावर आहे, आणि कोल्हापूरला आलेला पाहुणा मशीनची चप्पल आणि हातशिलाईची चप्पल यांतला फरक ओळखत नाही. ज्या दिवशी तो तळ वाकवून, शिवण बघून भाव करेल, त्या दिवसापासून कारागीर एकमेकांशी कसबावर भांडतील.

माझा फोरमन शेजारच्या कारखान्यानं पळवला. या सगळ्या गोष्टी मला कशाला सांगता?

वाईट वाटणं साहजिक आहे. माझे दोन गेले. एक जण तर माझंच फिक्स्चर डोक्यात घेऊन गेला.

पण हमामात्सुची आणखी एक गोष्ट ऐका. यामाहात पियानोच्या कामात मुरलेले कोइची कावाई नावाचे कारागीर होते. ते बाहेर पडले आणि १९२७ मध्ये त्याच शहरात त्यांनी स्वतःची पियानो कंपनी काढली. आज यामाहा आणि कावाई दोन्ही पियानो जगभर वाजतात, आणि दोघींची मुख्यालयं अजून हमामात्सुतच आहेत.

माझा गेलेला फोरमन आता स्वतःचं शॉप चालवतो. परवा त्याच्याकडे एक पार्ट बघितला, बोअरिंगचं फिनिश माझ्यापेक्षा चांगलं होतं. सोमवारी टूलवाल्याला बोलावलं आहे.